ॲम्बेसेडरचा मागचा पत्रा

आमच्या ॲम्बेसेडरला मागून गंज चढला, त्याला आम्हीच जबाबदार. दरवर्षी दसऱ्याला भिलाईहून नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं, म्हणून आई डिकीत पाण्याचे चार डबे ठेवायची आणि पाणी थंड राहावं म्हणून त्यांच्यावर ओलं पोतं टाकायची. परत आल्यावर ते पोतं काढायची कुणाला आठवण व्हायची नाही. आई गेल्यानंतर एक दिवस बाबांनी डिकीतली चटई उचलली, तर खालून अंगणातली फरशी दिसली. चाकांवरचे दोन्ही मडगार्डही गेलेले होते. बोट लावलं की पापुद्रे हातात येत.

"विकून टाका," मी म्हणाले. आधी बोलायचं आणि मग विचार करायचा, हा माझा जुना रोग.

"विकाले नाई घेतली होती," बाबा म्हणाले. "मागचा सारा पत्रा बदलतो. मीच बदलतो."

बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये वेल्डर होते. जन्मभर जाड लोखंड जोडलं. रिटायर झाल्यावर काही वर्षं बरी गेली आणि मग उजवा हात थरथरायला लागला. शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागायची आणि मी मदतीला गेले की ते पाठ फिरवायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे वाढतच जाईल. हा हात अजून एक जोड तरी नीट मारू शकतो का, एवढंच बाबांना बघायचं होतं. गाडी हे निमित्त होतं. हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही, पण घरात त्याबद्दल चकार शब्द निघाला नाही.

माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. मी त्याच प्लांटमध्ये एका ठेकेदाराकडे वेल्डिंग तपासते. टॉर्च मारून जोड बघायचा आणि जिथे कच्चा वाटेल तिथे पिवळ्या खडूने गोल करायचा. गोल पडला की तेवढा जोड कापून पुन्हा करावा लागतो, त्यामुळे तिथे माझ्यावर जीव टाकणारे लोक कमीच. मी दुरून येताना दिसले की वेल्डर एकमेकांना कोपर मारतात. बाबांना मात्र याचा भारी अभिमान. पाहुण्यांना चहा देण्याआधी ते माझं काम सांगायचे.

पावर हाउस भागातल्या बाजारातून ते पत्रा घेऊन आले. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी मडगार्डचे साचे केले. मागच्या शेडमध्ये रोज सकाळी दोन-अडीच तास काम चालायचं. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठोकून त्यांनी चाकावरची गोलाई अशी काढली की मी बघत राहिले. ठोकताना हात थरथरला तरी भागतं. खरी परीक्षा पुढे होती. गाडीचा पत्रा पातळ, गॅसची ज्योत क्षणभर जास्त थांबली की भोक पडतं. बाबांनी मनगट टेकवायला विटांची रास रचली आणि आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून कोपर स्टुलाला बांधलं. आठ दिवस डाव्या बाजूचा जोड चालला होता. मला शेडमध्ये यायला बंदी होती.

नवव्या दिवशी मी ड्युटीवरून आले तर ते दारातच उभे. "ये, पाय माहा जोड," म्हणाले. माझ्या खांद्यावर अजून हेल्मेटची पिशवी होती.

मी खाली बसले, टॉर्च लावला. वरचा जोड सुरेख होता, अगदी त्यांच्या जुन्या कामासारखा. खाली चाकाच्या बाजूला मात्र भोकं होती, गाठी होत्या, काही ठिकाणी पत्र्याने पत्र्याला धरलंच नव्हतं. जित्याची खोड म्हणतात ती ही. शपथेवर सांगते, माझ्या मनात काहीही नव्हतं. हात आपसूक खिशात गेला आणि खडू घेऊन बाहेर आला. एक गोल, दुसरा, तिसरा. शेवटचा गोल पुरा केला आणि मग वळून बाबांकडे बघितलं.

ते काळा चष्मा कपाळावर चढवून उभे होते. गाडीकडे नव्हे, माझ्या हाताकडे बघत होते.

"किती?"

"सात," मी म्हणाले. उत्तरसुद्धा ड्युटीच्या आवाजात आलं.

"सहा मले बी दिसले होते," बाबा म्हणाले. "सातवा नव्हता दिसला."

मी ओढणीने खडू पुसायला लागले. तो पुसला गेला नाही, नुसता पसरला. "राहू दे, माय," ते म्हणाले आणि सिलिंडर बंद करून आत गेले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः ऑटो करून खुर्सीपारला गेले आणि गाड्यांचा पत्रा बसवणाऱ्या एका डेंटरला घेऊन आले. त्याला सगळं दाखवलं आणि म्हणाले, "हे कापून काढ." डेंटरचा हात फार चांगला होता. बारा दिवसांत दोन्ही मडगार्ड झाले, डिकीचा तळ झाला, रंग झाला. मी सगळा जोड बोटांनी चाचपला आणि मला एकही खोट सापडली नाही. मला ती गाडी बघवेना. बाबांनी तर तिच्यावर कापड टाकलं आणि शेडची किल्ली माझ्याकडे दिली.

पुढचे तीन-चार महिने मी वाट पाहिली की ते रागावतील. ते रागावले नाहीत. शेवटी एका रविवारी जेवताना मीच विषय काढला. "बाबा, त्या दिवशी मी उगाच कडक झाली. तुमचा जोड चालला असता. प्लांटमध्ये आमी त्याहून कच्चे पास करतो."

त्यांचा घास थांबला. "कोणाचा पास केला तू?"

मी भातात वरण कालवत राहिले.

"सांग ना. कोणत्या जोडाखालून माणसं चालून राहिले?" आवाज चढला होता.

"कोणाचाच नाई, बाबा. खोटं बोलली मी."

त्यांनी मोठा श्वास सोडला. माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, आणि राग असता तर मी सहन केलं असतं.

"माह्यासाठी तुले खोटं बोला लागलं," ते म्हणाले. "मंग गेलाच हा हात."

वरणभाताचं ताट त्यांनी हळूच माझ्याकडे सरकवलं. "भरव," म्हणाले.

मी भरवलं.