रंग सांग

साहेब पाण्याचा पेला आधी खिडकीकडे धरत, उजेडात निरखत आणि मग तोंडाला लावत. ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, रिंगरोडवरच्या टपरीवर, कुठेही. पाणी देणाऱ्याचा चेहरा पडे. तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल आणि तुम्ही त्याला हसला असाल. मीही हसायचो.

आमचं ऑफिस सुरतेत, काम मात्र डोंगराकडच्या एका धरणावर. दगडांचा प्रचंड भराव आणि पोटात चिकणमातीची भिंत, असलं धरण. ते थोडं झिरपतंच. झिरपलेलं पाणी पायथ्याच्या चारीत गोळा करायचं, पत्र्याच्या तिकोनी खाचेतून सोडायचं आणि खाचेत ते किती चढलं ते बघायचं. त्यावरून गळती कळते. रोज सकाळी मी धरणावरून फोन करून आकडा सांगू लागलो की साहेब म्हणत, "गळणारच. रंग सांग."

पाणी नितळ, तर धरणाला नुसता घाम आलाय. गढूळ, तर आतली माती वाहून चालली. मग खालच्या गावांना उठवायचं.

एकदा पाणी एकदम चढलं. रंगही पिवळट. फोनवर मी जवळजवळ रडलोच. साहेब जीप काढून आले, चारीत उतरले, पाण्यात बोट बुडवून वास घेतला.

"डाळ आहे," ते म्हणाले. "हिंग जरा जास्त झालाय."

चारीच्या वरच्या अंगाला मीच आदल्या रात्रीचा डबा विसळला होता. झाकण वाहत जाऊन खाचेत अडकलं आणि पाणी तुंबून वर चढलं. साहेबांनी ते काढून माझ्या हातात ठेवलं. "धरणाला जेवू घालू नकोस, बाबा. त्याला पचत नाही."

ऑफिसात ही गोष्ट मीच सगळ्यांना सांगितली. दुसऱ्याने सांगितली असती तर त्यात मी रडलोही असतो.

रविवारी सुट्टीला सुरतेत आलो की डिंडोलीला साहेबांच्या घरी माझं जाणं-येणं होतं. मूलबाळ नाही, दोघंच. वहिनी खानदेशातल्या, बोलणं अहिराणी. आधी त्या मीठ विसरू लागल्या, मग गॅस, मग आपली गल्ली. साहेब म्हणत, "गळणारच." पण रोज सकाळी चहाच्या वेळी ते विचारत, "सांग, मी कोण?" वहिनींनी जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. त्या नुसत्या लाजत, पदर सावरत. साहेबांना तेवढं पुरे होतं. मग ते माझ्याकडे बघून म्हणत, "नितळ."

एका रविवारी वहिनी लाजल्या नाहीत. साहेबांकडे बोट करून मला हळूच म्हणाल्या, "हाऊ माणूस रोज आपला घरमा कसाले येस, भाऊ?"

माझं तोंड नको तेव्हाच उघडतं. मी म्हणालो, "भाडेकरू असेल, वहिनी."

साहेब हसले नाहीत. पेला खिडकीकडे धरून बराच वेळ बघत राहिले. मग वहिनींना म्हणाले, "हो. भाडेकरूच आहे मी."

त्या दिवसापासून वहिनींच्या लेखी ते भाडेकरू. साहेबांनी नोकरी सोडली. मला म्हणाले, "बरं बोललास तू. घाबरत तरी नाही ती मला." तरी सकाळचा प्रश्न चुकला नाही. त्या लाजतात का, एवढंच बघायचं. वहिनी म्हणत, "भाडेकरू." साहेब मान हलवत आणि चहा घेत.

पुढच्या हिवाळ्यात साहेब खुर्चीतच गेले. त्या सकाळीही उत्तर तेच आलं होतं.

परवा गेलो होतो. वहिनींची भाची आता सोबतीला असते. मी पाणी मागितलं. वहिनींनी स्वतः पेला भरून आणला. मी हात पुढे केला, तर त्यांनी तो खिडकीत नेऊन ठेवला.

"थांब, भाऊ. त्यास्ले देखू दे. मंग पिजो."

असं म्हणून त्यांनी दाराकडे पाहिलं, पदर सावरला आणि चांगल्या लाजल्या.

मी तसाच तहानलेला बसून राहिलो, दाराकडे बघत.