लाकडांची खोली आणि बायचा निबंध

गोवा नुकतंच राज्य झालं होतं. आम्ही आमोण्यात भाड्याच्या खोलीत राहत होतो. आमचे हे पाळी गावच्या खाणीवरून नदीपर्यंत मातीचा ट्रक चालवायचे. माझं गाव कणकवलीच्याही वर, डोंगराच्या अंगाला. आज ते अंतर कुणाला लांब वाटणार नाही. मला वाटायचं, कारण वर्षातून एकदाच जाणं व्हायचं.

खोली मिळाली तीच मुळी उपकार म्हणून. ट्रकवाल्यांना गावात कुणी घर देत नव्हतं. काकींनी, म्हणजे घरमालकिणीने, आम्हाला उभ्यानेच पाहिलं आणि मागच्या बाजूला बोट दाखवलं. “लाकडां हालयल्यार रावूं येता,” एवढंच म्हणाल्या. आम्ही लाकडं हलवली आणि राहिलो. खोलीला खिडकी नव्हती. लाकडांना कशाला हवी?

काकींचे यजमान वारलेले. घरात त्या आणि त्यांची मुलगी. तिला सगळे बाय म्हणत. बाय पणजीला वकिलीचं शिकत होती. त्या घरात पेपर मराठी यायचा, आरत्या मराठीत व्हायच्या, भांडण कोकणीत आणि बायचा अभ्यास इंग्रजीत. बाहेर भाषेवरून माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. आमच्या घरात त्यावरून वाद झाला नाही, कारण काकींच्या घरात वाद काकी सोडून कुणी करत नसे.

त्या वर्षी बायला कॉलेजातून एक निबंध लिहायला सांगितला. भारतात कुठेही राहायचा नागरिकाला हक्क आहे, तर नव्या राज्याला बाहेरून येणाऱ्यांवर बंधनं घालता येतील का? वेळेत दिला नाही तर परीक्षेला बसू देणार नव्हते. बाय सोप्यावर कदेल, म्हणजे खुर्ची, घेऊन बसायची, चार ओळी लिहायची, मोठ्याने वाचायची आणि कागद फाडायची. मग मला समजावं म्हणून मराठीत सांगायची. दरवेळी सुरुवात छान असायची: प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही राहण्याचा हक्क आहे. मी चुलीपाशी थांबून ऐकायची. मग ‘पण’ यायचा. पण लोकांच्या हितासाठी वाजवी बंधनं घालता येतात. त्या ‘पण’शी बाय अडायची. मीही.

मी सातवीत शाळा सोडलेली. माझ्या अनुभवात शिकलेल्या माणसाने कागदावर काही लिहिलं की ते पुढे कुणाच्या तरी दारात यायचं. मास्तरांनी लिहिलं आणि माझं नाव पटावरून गेलं. तलाठ्याने लिहिलं आणि आमच्या काजूंचा अर्धा बांध चुलत्यांकडे गेला. बाहेरच्यांनी राहावं की नाही, हे आता बाय लिहिणार होती. आणि त्या घरात बाहेरचे म्हणावेत असे आम्हीच होतो.

एके दिवशी तिने विचारलं, “वयनी, तुम्हाला इथे येऊन किती वर्षं झाली?”

“बरीच,” मी म्हटलं.

“बरीच म्हणजे?”

मोजली नाहीत म्हणून सांगितलं. तिने ते लिहून घेतलं.

त्या दिवसापासून मी त्या घराला आपली गरज वाटावी असं वागू लागले. काकींचं अंगण सारवलं. न सांगता विहिरीचं पाणी भरून ठेवलं. सकाळी पोदेराची, पाववाल्याची, घंटा वाजली की काकींचे उंडे पाव मीच घेऊन जायची. बायने मान वर केली की चहा पुढे. शेवटी बाय म्हणाली की वयनी, तुम्ही समोर उभ्या राहता म्हणून मला काही सुचत नाही. मी बाजूला उभी राहू लागले.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, काढलं तर काढलं, ट्रक काय कुठेही चालतो. माणूस चांगला, पण धीर देणं त्यांना कधी जमलं नाही.

निबंध काही पुढे सरकेना, तेव्हा काकींनी ठरवलं की देवळात जाऊन प्रसाद घ्यायचा. आमच्याकडे ह्याला कौल लावणं म्हणतात. ओल्या पाकळ्या मूर्तीला लावतात, गाऱ्हाणं घालतात आणि उजवी पडते की डावी ते पाहतात; उजवी म्हणजे होय. बाय म्हणाली, घटनेच्या पेपराला हे चालत नाही. काकींनी तिला साडी बदलायला सांगितलं. नारळ धरायला मी.

काकींनी विचारलं, निबंध होणार का? उजवी पाकळी पडली, तीही लगेच. बाय अजून घाबरली.

एवढा जागृत देव पाहून मलाही राहवलं नाही. मी पुढे होऊन पाकळ्या लावणाऱ्या भटमामांना म्हटलं, माझीही लावा. काय विचारायचं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मनात धरलंय. आमच्या गावी तसं चालतं.

“देव आयकता,” भटमाम म्हणाले. “पूण हांवें सांगिल्लें आयकता.”

मग मी त्यांच्या कानाशी सांगितलं. त्यांनी पाकळ्या लावल्या आणि खणखणीत आवाजात, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं, गाऱ्हाणं घातलं. ही बाई कोकणातून आलेली, अमक्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहते. ह्या घरच्या मुलीने निबंध लिहून पुरा केला की हिला बाहेर काढणार आहेत काय, तें तूं सांग. म्हणजे उजवी पडली तर आम्ही बाहेर. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

काकी पुढे झाल्या.

“रावात भटमाम. खोली म्हजी, देवाची न्हय. काडात त्यो पाकळ्यो.”

एकदा लावलेल्या पाकळ्या काढता येत नाहीत, भटमाम म्हणाले. पडेपर्यंत थांबायला हवं. मग आम्ही तिघी खांबाला टेकून बसलो. काकी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “माका विचारपाचें आशिल्लें.” म्हणजे देवाला नव्हे, त्यांना विचारायला हवं होतं. पाकळ्या पडेनात.

बायने मात्र मला सगळं विचारलं. तुम्हाला खरंच तसं वाटलं? मी हो म्हटलं. मग तिने सांगितलं की निबंध सरांकडे जातो, सर मार्क देतात आणि कपाटात ठेवतात. त्याने कुणी कुठून निघत नाही.

“मग तू एवढी का अडलीस?” मी विचारलं.

“तुम्ही समोर असायच्या,” ती म्हणाली. “‘पण’ लिहिला की तुम्ही चहा आणायच्या.”

आतून भटमामांनी हाक मारली, पाकळी पडली. काकी उठल्या.

“खंयची पडली तें सांगूं नाकात,” त्या म्हणाल्या, आणि दक्षिणा ठेवून आम्हाला घेऊन निघाल्या. कुठली पडली ते भटमामांनी सांगितलं नाही. मीही आजवर विचारलं नाही.

निबंध बायने त्याच आठवड्यात लिहून दिला. त्यात शेजारच्या जिल्ह्यातून आलेली एक भाडेकरू बाई होती, जी बरीच वर्षं राहत होती. सरांनी शेजारी तांबड्या शाईने लिहिलं होतं की उदाहरण बरं आहे, आधार दिलेला नाही. बाय परीक्षेला बसली.

गवंडी आला तो त्यानंतर. मी कपडे वाळत घालत होते. काकी त्याला आमच्या खोलीची भिंत दाखवत होत्या. वाटलं, पाडतायत. सामान कशात बांधायचं ते मी मनात ठरवूनही टाकलं. त्याने भिंत फोडली, पण हातभरच, आणि तिथे खिडकी बसवली. काकी तिला जनेल म्हणत.

जनेलातून खाणीची तांबडी धूळ आत येऊ लागली. मी दिवसातून दोनदा पुसायची. काकी विचारायच्या, वारा येतो मगो? मी म्हणायची, भरपूर.