टेक ऑफचा चौथा अर्थ

पवनी गावात मी बायकांचा इंग्रजीचा वर्ग घेते. त्या दुपारी फळ्यावर ‘टेक ऑफ’चे अर्थ लिहीत होते: विमान उडणे, चप्पल काढणे, सुट्टी घेणे. तेवढ्यात एका विणकर बाईचा नवरा आत घुसला.

“इंग्रजी शिकून मले सोडून चालली का?” म्हणत त्याने केस धरून तिचं डोकं बाकावर आपटलं. रक्त उडालं. मी लाकडी डस्टर त्याच्या मनगटावर हाणला. बाकीच्यांनी त्याला बाहेर ढकलून कडी लावली, मी पोलिसांना फोन केला.

आता ती येणार नाही, असं मी धरून चालले होते. पुढच्या आठवड्यात ती कपाळावर टाके घेऊन आली.

“मॅडम, तीनच अर्थ झाले होते. समोरचा, चौथा सांगा ना.”

मी लिहिलं: निघून जाणे.

तिने ते उतरवलं आणि पाचवा विचारला.