मायच्या खांद्याची हळद

समुद्र ओलांडला म्हणून मी बाटलो, असं आमच्या जातीच्या पंचांनी ठरवलं. मला ते तेव्हाही मान्य नव्हतं आणि आता केस पांढरे झाल्यावरही नाही.

मंगरूळजवळ आमचा भाजीचा मळा. वांगी, मेथी, मुळे, सांभार म्हणजे कोथिंबीर; सगळी भिस्त विहिरीवर आणि मोट ओढणाऱ्या बैलजोडीवर. वडील गेले त्याच्या पुढच्याच वर्षी बुळकांडीच्या साथीत दोन्ही बैल आठ दिवसांत गेले. विहिरीत पाणी होतं, पण ते वर कोण काढणार? शेजारच्यांनी दोन दिवस बैल दिले, तिसऱ्या दिवशी त्यांचीही अडचण निघाली. वांगी माना टाकू लागली तेव्हा मायने पदर खोचला आणि जुवाला एका बाजूने स्वतः लागली. दुसऱ्या बाजूला मी. चामड्याची ती भरलेली मोट आम्ही मायलेकांनी चार दिवस ओढली. धाकटी बहीण पाट वळवायची. तिचं लग्न झालं होतं, पण सासरी नांदायला जायची होती. चौथ्या दिवशी मायच्या खांद्याची साल निघाली. बहीण त्यावर हळद आणि लोणी लावत होती आणि माय भिंतीकडे तोंड करून बसली होती. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला. कोणाचा, ते मला सांगता येत नव्हतं.

तेव्हा इंग्रज सरकारची मोठी लढाई चालू होती. बसऱ्याकडे फौजेला ताजी भाजी मिळत नाही म्हणून मळ्याचं काम जाणणारी माणसं सरकारला हवी होती. तालुक्याला भरती सुरू झाली आणि मी अंगठा देऊन आलो. मायला नंतर सांगितलं. निघताना तिने फडक्यात मेथीचं आणि मुळ्याचं बी बांधून दिलं, एवढंच.

आगबोटीत मी इतका ओकलो की पंचांनी पाहिलं असतं तर तेवढंच प्रायश्चित्त पुरे म्हटलं असतं. बसऱ्याचा उन्हाळा आपल्या वैशाखाला लाजवेल असा. जमीन खारट, वर मिठाचा पांढरा थर. पण नदीकाठी खजुराच्या झाडांखाली एक अरब म्हातारा जनावराला उतारावरून हाकत कातड्याच्या मोटेने पाणी काढताना दिसला, आणि मी हातातलं खुरपं टाकून बघतच राहिलो. तीच धाव, तीच करकर. ज्या मुलखाला आमचे पंच काळ्या पाण्यापलीकडचा म्हणत होते, तिथला माणूसही आमच्यासारखंच पाणी ओढून पोट भरत होता. मायने दिलेली मेथी मी तिथे उगवून दाखवली. तीन वर्षं राबलो आणि परत आल्यावर पहिल्याच बाजारात बैलजोडी घेतली.

मोट पुन्हा चालू झाली त्याच आठवड्यात पंचांचं बोलावणं आलं. मिशी उतरव, गोमूत्र घे, साऱ्या जातीला गोड जेवण घाल, म्हणजे तू आमचा, असा निकाल.

"म्या काय चोरी केली?" मी विचारलं. "मिशी कायले उतरवू?"

त्या दिवसापासून आमच्या घरचं पाणी बंद झालं. गंमत अशी की आमच्या विहिरीचं पाणी कोणाला चालत नव्हतं, पण त्याच पाण्यावरची वांगी सगळ्यांना चालत होती. बाजारात पंचांच्या बायका निवडून निवडून घ्यायच्या. मला याचं हसू यायचं. मायला येत नसे. कारण मधल्या काळात बहीण आसेगावला नांदायला गेली होती आणि तिथल्या व्याह्यांनी निरोप धाडला होता, भाऊ जातीत येत नाही तोवर पोरगी माहेरी येणार नाही. माय मला मिशी उतरव असं एकदाही म्हणाली नाही. पण सणावाराला ती आसेगावच्या वाटेकडे बघत बसायची, आणि ते मला पंचांच्या निकालापेक्षा जड जायचं. खरं सांगतो, एकदा वस्तरा हातात घेतलाही होता.

मग पोळा आला. आदल्या दिवशी दिवस मावळताना मी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळलं आणि रीतीप्रमाणे त्यांना म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." जातीला घालायचं गोड जेवण मी यांना घालणार होतो. राबले तेच होते.

"अन् मले आवतन नाही का, भाऊ?"

कुंपणाशी बहीण उभी होती. पाय धुळीने भरलेले, काखेत एक गाठोडं. आसेगावहून एकटी चालत आली होती, कोणाला न विचारता. मी तिला घरात घेईना. इथलं पाणी प्यालीस तर तिकडचं दार बंद होईल, म्हणालो. तिने माझ्या हातातली हळदीची वाटी घेतली.

"मायच्या खांद्याले हळद मी लावली व्हती," ती म्हणाली. "तवा कोणता पंच आला व्हता जू धरायले?"

आणि अंगणातल्या रांजणातलं पाणी तांब्याने घेऊन ती उभ्यानेच प्याली. माय दारात रडत होती. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आधी बैलांनी खाल्ली, मग बहिणीने.

तिचा सासरा दोन महिन्यांनी तिला न्यायला आला. त्याच्या घरी कापूस वेचायला हात कमी पडत होते. पाणी नको म्हणाला. जाताना वांग्यांची टोपली मात्र घेऊन गेला. पुढे एकेक घर आपसूकच आमच्याकडे यायला लागलं. माझी मिशी होती तिथेच होती.

ती उतरली एकदाच, गेल्या वर्षी माय गेली तेव्हा. नदीवर न्हावी माझ्या तोंडावरून वस्तरा फिरवत होता आणि जुन्या पंचांपैकी उरलेला एक म्हातारा बघत होता. शेवटी उतरली एकदाची, असं समाधान त्याच्या तोंडावर दिसलं. मायच्या चितेसमोर मला भांडायचं नव्हतं, पण राहवलं नाही.

"हे मायसाठी हाय, बाबा," मी म्हणालो. "तुमच्यासाठी नाही."