वाटेत रेंगाळलेल्या पेशी

धाकट्या बहिणीच्या हाडांतला मगज रक्त बनवेनासा झाला, तेव्हा मगज जुळणारी निघाले मी. साठीला टेकलेली. भूल देऊन माझ्या कमरेच्या हाडातून मगज काढला. मला वाटलेलं, आता तिच्या हाडात भोक पाडून भरतील. कसलं काय, सलाईनसारखी लाल पिशवी टांगली आणि नळीतून सोडली तिच्या अंगात.

"मग या पेशी हाडापर्यंत जाणार कशा?" मी विचारलं.

"पेशींना वाट ठाऊक असते, काकी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रुजल्या की पांढऱ्या पेशींचा आकडा वाढेल. दोन-तीन आठवडे धीर धरा."

धीर माझ्याकडे कधीच नव्हता. रोज काळाचौकीहून परळच्या इस्पितळात चालत जायचं, काचेपलीकडे ती, अलीकडे मी, मध्ये फोन. "किती आला आज?" "कालचाच."

बाहेरच्या बाकावर प्रभादेवीच्या एक बाई असायच्या. त्यांच्या मुलाला त्याच्या भावाच्या पेशी दिलेल्या, आमच्याच दिवशी, पण हाडातून नाही, हाताच्या शिरेतून मशीनवर काढलेल्या. तेराव्या दिवशी त्याचा आकडा वाढला. बाईंनी पेढा दिला. घेतला मी, पण रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "रक्तातून घेतलेल्या लवकर रुजतात, हाडातल्या जरा सावकाश. पण तुमच्या बहिणीच्या आजारात हाडातल्याच बऱ्या, पुढचा त्रास कमी." ऐकलं, कळलंही. तरी घरी जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले. शेवटी सुनेने हातातून काथ्या काढून घेतला.

सतराव्या दिवशी फोनवर बोलून गेले, "माझं हाडच जुनं गं. दुसऱ्या कुणाचं असतं तर..."

तिने मास्क सारखा केला. मग म्हणाली, "ताई, घरून इथे यायला किती वेळ लागतो तुला?"

"वीस मिनिटं."

"खोटं नको बोलू. तासभर. भाजीवाली, इस्त्रीवाला, मंडळाची पोरं, सगळ्यांची चौकशी करत येतेस. तुझ्याच पेशी त्या. बसल्या असतील वाटेत गप्पा ठोकत."

हसले, तशी कमरेतून कळ आली. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी खाली मान घालून तडक निघाले. भाजीवालीने हाक मारली, मी ओ दिली नाही. अठरा मिनिटांत पोचले. आकडा तोच. पुढच्या दिवशीही तेच. वेडेपणा होता, कळत होतं. तरी वाटेत कुणाशी तोंड उघडायची हिंमत होईना.

विसाव्या दिवशी काचेपलीकडून तिने आधी एक बोट वर केलं, मग फोन उचलला. "हलला गं आकडा. थोडासाच. पोचल्या वाटतं."

मी नुसतीच काचेवर हात टेकवून उभी. तीच म्हणाली, "आता तरी बोल की, बये."

परतताना भाजीवालीपाशी थांबले. ती खरंच रागावली होती. सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.