पडद्यावरचे मांडे

सुषमा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी धुळ्यात तिच्या पुढच्या तपासणीची पिशवी भरत होते. फाइल, शाल, थर्मास... यादीतलं सगळं घालून झालं होतं. त्यानंतर भेटायला येणारे एकच सांगतात, ‘‘यंत्रात जीव घातला तिने. आराम केला असता तर चार दिवस जास्त जगली असती.’’ धाकट्या बहिणीबद्दलचं हे बोलणं मला मान्य नाही, म्हणून लिहिते.

ती जळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. तिच्या प्रयोगशाळेत संगणकाला जोडलेलं, पेनसारखी दांडी असलेलं यंत्र आहे. दांडी हलवली की पडद्यावरच्या वस्तूला आपला हात लागतो, आणि वस्तू कठीण असेल तर दांडी हाताला मागे रेटते. कॅन्सरच्या औषधांनी सुषमाच्या बोटांची टोकं बधिर झाली. ब्लाउजचे हूक लागेनात. डॉक्टर म्हणाले, सवय करून घ्या. तिने नाही करून घेतली. पडद्यावर मांड्यांची कणीक तयार केली आणि रोज ती ताणत बसू लागली. मी चिडले, ‘‘जे खाता येत नाही ते कशाला करतेस?’’

‘‘ताई, बोटं गेली. मनगट आणि कोपर कुठे गेलेत? ओढ त्यांनाही कळते. फक्त डोळे मिटायचे. पडद्याकडे बघितलं की डोळे हाताला फसवतात.’’

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती अमळनेरला माहेरी आली आणि थेट चुलीवरच्या खापरापाशी बसली. पहिला मांडा हातावरच फाटला. दुसराही फाटला. आई कळवळली, ‘‘राहू दे व माय, बठ्ठं पीठ वाया जाई.’’

‘‘जाऊ दे! मन्हा हात अजून शेतस.’’ हात अजून आहेत, असं तिने आईला ठणकावलं.

डोळे मिटून तिने पुढचा गोळा घेतला, मनगटावरून कोपरापर्यंत फिरवत, झुलवत नेला... मांडा पसरला. मधोमध एक भोक. तिने तो तसाच उलट्या खापरावर टाकला आणि आमरसाबरोबर एकटीने संपवला. कुणाला घासही दिला नाही.

गेल्या आठवड्यात तिचं सामान आणायला कॉलेजात गेले. तिच्या जागी आलेले सर म्हणाले, ‘‘मॅडमनी कणीक फार चिवट करून ठेवलीय. मुलं वैतागतात. जरा सैल करू का?’’

‘‘अजिबात नाही,’’ मी म्हटलं, खुर्ची ओढली आणि दांडी धरली. तिने माझा हात चांगलाच मागे रेटला. मांडा फाटला. सर घड्याळाकडे बघत होते. मी दुसरा घेतला.