नानांनी गाडी थांबवली

जीपमधून गावोगाव हिंडणाऱ्या माणसांना किस्से गोळा करावे लागत नाहीत. सीटखालच्या शेंगांच्या टरफलांसारखे ते आपोआप साचतात. आमच्या जीपमध्ये जरा जास्तच साचले, कारण आमच्या जीपमध्ये नाना होते.

आम्ही तिघं जळगावच्या एका ठिबक सिंचनाच्या कंपनीत सर्व्हिसला. शेतकऱ्याच्या नळ्या तुंबल्या, फिल्टर बिघडला की आम्ही जायचं. नाना आमचे सीनियर, मी त्यांच्या हाताखाली, आणि गाडीवर सलीमभाई. वाटेत बघण्यासारखं काही दिसलं की नाना सलीमभाईंच्या खांद्यावर बोट टेकवायचे आणि गाडी थांबायची. बघण्यासारखं म्हणजे डोंगर किंवा सूर्यास्त नाही बरं का. "ते काय, आपलं आपण होतं," असं नानांचं मत. "माणसानं केलेलं बघावं. त्यात कुणीतरी डोकं घातलेलं असतं."

मग पूल काय, विजेचा टॉवर काय, मैलाचा दगड काय, आम्ही सगळ्यांसाठी थांबलो.

*

अमळनेरकडच्या एका गावात नवीन पाण्याची टाकी झाली होती. उलट्या छत्रीसारखी, खाली निमुळती, वर पसरट. नाना उतरले, टाकीखाली उभे राहिले आणि मान वर करून बघत बसले. सवयीनं मीही बघायला लागले.

थोड्या वेळानं एक म्हातारा आमच्याशेजारी येऊन वर बघायला लागला. मग दोन बायका आल्या. मग पारावरची सगळी मंडळी आली. कुणीतरी कुजबुजलं, "वर कोन शे?" दुसऱ्यानं अंदाज बांधला, "लगीन जमत नही म्हनीसन चढेल व्हई कोनी तरी."

झालं. सरपंच मोटरसायकलवरून आले ते ओरडतच. "खाले उतर रे भाऊ, तुनं लगीन लाई देसूत!"

वरून काहीच उत्तर येईना. गावातली लग्नाची पोरं मोजायला सुरुवात झाली. एकाची आई रडायलाच लागली. तेवढ्यात तिचा मुलगा गर्दीतूनच बोलला, "आई, मी आठेच शे."

शेवटी सरपंचांनी नानांना विचारलं, "साहेब, तुम्ही पहिल्यापासून इथं आहात. वर आहे कोण?"

"कोणी नाही," नाना म्हणाले. "टाकी छान आहे."

सगळं गाव आमच्याकडे वळलं. मला वाटलं, आता आपली काही खैर नाही. सरपंचांनी पुन्हा एकदा टाकीकडे नीट बघितलं, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "छान शेच. मीच बांधेल शे."

चहा घेतल्याशिवाय त्यांनी आम्हाला सोडलं नाही.

*

साक्रीकडे डोंगरावर पवनचक्क्या आहेत. मे महिना, दुपारची वेळ, जीपला एसी नाही. नाना एकेका पात्याच्या वळणाचं कौतुक करत होते. सलीमभाईंनी रुमालानं मान पुसली आणि एवढंच म्हणाले, "इतने पंखे लगाए नाना, पण उकाडा काय कमी नाही."

*

धुळे रोडवरच्या एका ढाब्यावर नानांना स्टीलचा जग आवडला. त्यांनी तो उचलला, आत डोकावून बघितलं, उलटा केला, बुडाला टिचकी मारली. मालक गल्ल्यावरून बघत होता. त्यानं लगबगीनं तो जग नेला आणि कोराकरकरीत दुसरा आणून ठेवला. नानांनी दुसराही उलटा केला. मालकानं तिसरा आणला. सोबत कुणी न मागितलेलं ताक आणि पापड.

शेवटी तो हात जोडून उभाच राहिला. "साहेब, तक्रार केली कोणी, ते तरी सांगा."

"तक्रार कसली? जगाचा कान बघत होतो. चारही बोटं कशी बरोबर बसतात. पहिल्याचीच गंमत होती, तो कुठे नेलात?"

मालकानं पहिला जग परत आणला. कानात बोटं घालून बघितली. हात बदलून बघितली. मग आचाऱ्याला बाहेर बोलावलं, आचाऱ्यानं पोळ्या लाटणाऱ्या मावशींना. आमची शेवभाजी थंडगार आली, कारण सगळा भटारखाना बाहेर जग धरून उभा होता.

*

सलीमभाई नानांना हसायचे. पण एकदा धुळ्याहून शिरपूरला जाताना पुढे एक ट्रक लागला. मागच्या फाळक्यावर मोर रंगवलेला. पिसाऱ्याचा एकेक डोळा वेगळ्या रंगाचा. सलीमभाई ट्रकच्या मागे मागे जायला लागले. ओव्हरटेक करेनात, हॉर्न देईनात.

बऱ्याच वेळानं नाना हळूच म्हणाले, "सलीमभाई, शिरपूर मागे गेलं."

"जाऊ द्या नाना. वो फाळके के नीचे मोर के पैर दिखते की नही, देखतो."

शिरपूरच्या शेतकऱ्याचा फोन आला, साहेब, कुठे पोचलात? नाना म्हणाले, "मध्य प्रदेशात."

*

नानांच्या मुलासाठी धुळ्याला मुलगी बघायला गेलो तेव्हा मला अक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, मुद्दाम बरोबर घेतलं. "ह्यांच्यावर लक्ष ठेव," म्हणाल्या. "दोन ठिकाणी नकार आलाय. आता हसं नको."

घर चांगलं होतं. बैठकीत मोठी बंगई, म्हणजे झोपाळा, टांगलेली, पितळी कड्यांची. कड्यांत मधे मधे हत्ती, घोडे, पोपट. मी ती बघितली आणि लगेच नानांकडे बघितलं.

मुलगी पोहे घेऊन आली. अश्विनी तिचं नाव, धुळ्यातच शाळेत शिकवायची. अक्कांनी शिक्षण विचारलं, मी छंद विचारले. नानांचा मुलगा पोह्यांच्या बशीत बघत बसला. नाना बंगईकडे.

मुलीच्या वडिलांनी अदबीनं विचारलं, "मग नाना, कसं वाटलं?"

"फार सुंदर," नाना म्हणाले. आवाज भरून आलेला. "असं आता कुठे बघायला मिळत नाही. किती नाजूक, आणि तरी वजन पेलणार."

मुलीची आई पदरानं डोळे टिपायला लागली. वडिलांनी पेढ्याचा बॉक्स उघडला. अश्विनी मात्र नानांच्या नजरेच्या मागे मागे गेली आणि तिनं सरळ विचारलं, "काका, तुम्हाला मी पसंत पडले की बंगई?"

अक्कांनी माझा हात घट्ट धरला.

नानांना खोटं बोलता येत नाही. "बंगई," ते म्हणाले. "तुझ्याकडे मी अजून बघितलंच नाही, बेटा."

वडिलांचा हात बॉक्समध्येच राहिला. अक्कांनी डोळे मिटून घेतले. अश्विनीनं पोह्यांचा ट्रे खाली ठेवला, उठली आणि नानांना म्हणाली, "मग लांबून काय बघताय? इकडे या."

दोघं बंगईवर जाऊन बसली. तिनं एक पोपट दाखवला, त्याची चोच झिजून गेलेली. "लहानपणी मी झोका घेताना ही धरायचे," ती म्हणाली. नानांनी चोचीवरून बोट फिरवलं. मग ती दोघं हत्तींच्या सोंडा बघायला लागली आणि आम्ही बाकीचे पोहे खायला लागलो.

निघायच्या वेळी वडिलांनी घाबरत घाबरत मुलीला विचारलं, "अश्विनी, तुझं काय?"

तिनं नानांच्या मुलाकडे एकदा बघितलं.

"सासरे पसंत आहेत," ती म्हणाली. "यांना मात्र पुढच्या रविवारी पुन्हा पाठवा."